छत्तीसचा आकडा

या वेळचा मुक्काम कुंभकोणम्. एन.सी.सी.च्या नेमणुकीमुळे तमिळनाडूत आलो आणि कावेरीकाठच्या या गावात फेऱ्या होऊ लागल्या. देवळं, पितळी भांडी, डिग्री कॉफी या सगळ्यावर इतरांनी भरपूर लिहिलं आहे. मराठी वाचकाला इथे आपुलकी वाटायला आणखी एक कारण आहे. १८५५ पर्यंत तंजावरात भोसल्यांची गादी होती, आणि हे गाव तिथून जेमतेम चाळीस किलोमीटरवर. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव १८२८ साली इथेच, तंजावरी मराठी घरात जन्मले. पण आजचा विषय वेगळा आहे. तो आहे वेळापत्रक, आणि तेही डार्ट्सच्या सामन्यांचं.

हसू नका. डार्ट्सचा बोर्ड ज्या मेसमध्ये किंवा जवानांच्या करमणूक खोलीत नाही, असं युनिट मी फारसं पाहिलेलं नाही. इंग्रज गेले, बोर्ड राहिला. डिसेंबर आला की काही जणांना लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचे वेध लागतात. मग दरवर्षी तोच प्रश्न येतो: सामना कधी आहे?

कधी म्हणजे नक्की कधी?

साधं उत्तर असं. स्पर्धा डिसेंबरच्या मध्याच्या आसपास सुरू होते, नाताळात थोडी थांबते आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते. लंडनचं घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागे असतं. तिथलं दुपारी साडेबाराचं सत्र म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सहा. तिथे संध्याकाळी सातला सुरू होणारं सत्र आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू होतं, म्हणजे तारीखही बदलते. तक्त्यात ३ जानेवारी लिहिलेला अंतिम सामना आपण ४ जानेवारीच्या पहाटे पाहतो. ल्यूक लिटलर या सतरा वर्षांच्या पोराने २०२५ चं अजिंक्यपद जिंकलं, तेव्हा आपल्याकडे दिनदर्शिकेचं पान उलटून गेलेलं होतं. रात्रीच्या गस्तीचा हुकूम लिहिणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही, बाकीच्यांनी तारीख दोनदा तपासावी.

पण या खेळात एक काळ असा होता, की ‘जागतिक स्पर्धा कधी?’ असं विचारलं तर आधी ‘कोणती?’ असं विचारावं लागे. ब्रिटिश डार्ट्स ऑर्गनायझेशनने पहिली जागतिक स्पर्धा १९७८ साली नॉटिंगहॅमला भरवली. लेटन रीस जिंकला. पुढची काही वर्षं टीव्हीवर डार्ट्स जोरात होतं. मग १९८० च्या दशकाच्या शेवटी वाहिन्यांनी एकेक स्पर्धा सोडली. पडद्यावर मोठी म्हणावी अशी वर्षाकाठी एकच स्पर्धा उरली. ज्यांचं पोट या खेळावर होतं ते खेळाडू अस्वस्थ झाले. वर्षभराच्या तारखा कोण ठरवणार, यावरून संघटनेशी वाजलं. १९९२ मध्ये त्यांनी आपली वेगळी संघटना काढली आणि डिसेंबर १९९३ मध्ये आपली वेगळी जागतिक स्पर्धा सुरू केली. त्या पहिल्या स्पर्धेत डेनिस प्रीस्टलीने फिल टेलरला हरवलं. कोर्टातला तंटा १९९७ मध्ये मिटला, पण दोन जागतिक स्पर्धा, दोन तक्ते आणि दोन जगज्जेते ही स्थिती २०२० पर्यंत चालली. त्या वर्षी जुनी संघटना बुडाली. भांडण बाणांवरून नव्हतंच. ज्याच्या हातात तारखांचा कागद, त्याच्या हातात खेळ, हे दोन्ही बाजूंना कळत होतं.

तक्ता वाचायचा कसा

बाद पद्धतीचं गणित सोपं आहे. प्रत्येक सामन्यात एक जण घरी जातो. १२८ खेळाडूंमधून एक उरायचा तर १२७ जण घरी गेले पाहिजेत, म्हणून सामने १२७ आणि फेऱ्या सात. २०२५-२६ पासून लंडनची स्पर्धा १२८ जणांची झाली. आधी ९६ होते, आणि वरच्या ३२ मानांकितांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळायची. भारताचा नितीन कुमार या तक्त्यात एकापेक्षा जास्त वेळा दिसला आहे. आपला माणूस शोधायचा असेल तर पहिल्या फेरीची पानं बारकाईने पाहावीत.

साखळी पद्धत जास्त अवघड. आठ जण, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं, म्हणजे २८ सामने. रोज चार सामने ठेवले तर सात दिवस. डार्ट्सच्या प्रीमियर लीगमध्ये २०२२ पासून हेच पाहायला मिळतं. आठ खेळाडू, दर गुरुवारी चार उपांत्यपूर्व सामने, आणि पहिल्या सात गुरुवारांत प्रत्येकाची प्रत्येकाशी त्या फेरीत एकदा गाठ पडते.

हे कागदावर बसवायची युक्ती एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. वरच्या ओळीत १, २, ३, ४ लिहा. त्यांच्या खाली ८, ७, ६, ५ लिहा. वरचा खालच्याशी खेळेल. पहिल्या दिवशी १-८, २-७, ३-६, ४-५. आता १ ला हलवू नका, बाकीच्या सातांना घड्याळाच्या दिशेने एकेक घर सरकवा. दुसऱ्या दिवशी १-७, ८-६, २-५, ३-४. तिसऱ्या दिवशी १-६, ७-५, ८-४, २-३. असं सात वेळा फिरवलं की सगळे सगळ्यांशी एकदाच भेटतात. खेळाडू विषम असतील तर एक रिकामं नाव घाला. त्या नावासमोर येईल त्याला त्या दिवशी विश्रांती.

ही युक्ती मी कॅडेटना शिकवतो. व्हॉलीबॉल असो, खो-खो असो, कागद एकच.

शाळेचा तक्ता आणि एक विद्यार्थी

आता कुंभकोणम् कुठे आलं, ते सांगतो.

सारंगपाणी मंदिरासमोरच्या सन्निधी रस्त्यावर एक छोटं कौलारू घर आहे. श्रीनिवास रामानुजन यांचं. २००३ मध्ये शास्त्र विद्यापीठाने ते घेतलं आणि जतन केलं. रामानुजन जन्मले इरोडला, २२ डिसेंबर १८८७ रोजी, पण वाढले इथे. वडील साडीच्या दुकानात कारकून, आई देवळात भजनं गायची. १८९८ मध्ये ते इथल्या टाउन हायस्कूलमध्ये दाखल झाले.

त्या शाळेत सुमारे १२०० विद्यार्थी आणि पस्तीसेक शिक्षक होते. सगळ्यांच्या गरजा सारख्या नव्हत्या. कोणत्या विद्यार्थ्याला कधी कोणत्या शिक्षकाकडे बसवायचं, याचं वेळापत्रक करणं हे डोकं खाणारं काम. चरित्रकार सांगतात, की गणपती सुब्बियर नावाचे ज्येष्ठ गणितशिक्षक ते काम या विद्यार्थ्याकडे देत असत.

ज्याने कधी युनिटचं ड्युटी रोस्टर लिहिलं आहे, त्याने हे वाक्य पुन्हा वाचावं. एका माणसाला एका वेळी दोन ठिकाणी उभं करता येत नाही. एका ठिकाणी दोन माणसं नकोत. आणि कुणावर दोनदा भार पडता कामा नये. लष्करात या कामासाठी ॲडज्युटंट असतो, हेडक्लार्क असतो, आणि तरीही सोमवारी सकाळी कुणीतरी तोंड पाडून उभा असतोच. इथे ते काम एक शाळकरी पोरगा करत होता.

याच काळात त्याला जादूच्या चौरसांचा नाद लागला होता. उभ्या, आडव्या, तिरप्या बेरजा सारख्या येतील असे आकडे चौकटीत बसवायचे. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या त्याच्या वह्यांमधलं पहिलं प्रकरण या चौरसांवरच आहे. शाळेचं वेळापत्रक आणि जादूचा चौरस ही एकाच जातीची कोडी. मोजक्या चौकटी, मोजक्या वस्तू आणि ‘पुन्हा नको’ हा नियम.

त्याच्या स्वतःच्या आयुष्याचा तक्ता मात्र इथे बसला नाही. १९०४ मध्ये शाळेने गणिताचं पारितोषिक दिलं, सरकारी कॉलेजने शिष्यवृत्ती दिली. पण कॉलेजला सगळे विषय हवे होते आणि त्याला एकच हवा होता. बाकीच्या विषयांत तो नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली. त्या कॉलेजला लोक ‘दक्षिण भारताचं केंब्रिज’ म्हणत. त्या केंब्रिजला तो झेपला नाही. खऱ्या केंब्रिजला तो १९१४ मध्ये पोचला आणि १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला. २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तो गेला.

त्याचा जन्मदिवस, २२ डिसेंबर, आता राष्ट्रीय गणित दिवस म्हणून पाळला जातो. लंडनमध्ये तेव्हा डार्ट्सची स्पर्धा ऐन रंगात असते.

सहा विरुद्ध सहा

काही वर्षांपूर्वी एका दूरच्या पोस्टिंगवर आमच्या दोन कंपन्यांमध्ये डार्ट्सची स्पर्धा ठरली. प्रत्येक कंपनीचे सहा खेळाडू. लांब शेडच्या भिंतीवर सहा बोर्ड. ‘अ’ कंपनीच्या प्रत्येकाने ‘ब’ कंपनीच्या प्रत्येकाशी एकदा खेळायचं. एकूण ३६ सामने, सहा फेऱ्या, प्रत्येक फेरीत सहाही बोर्डांवर खेळ. इथवर ठीक.

पण बोर्ड सारखे नव्हते. एक पंख्याच्या झोतात होता. एकावर उजेड कमी होता. एक दाराशेजारी, तिथे येणारेजाणारे खोळंबायचे. डार्ट्समध्ये हे किरकोळ नाही. बोर्डावर २० च्या एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला ५ आहे. बाण बोटभर सरकला की वीसचा एक होतो. म्हणून जवानांनी मागणी केली, की प्रत्येकाने प्रत्येक बोर्डावर एकदाच खेळावं, कमी नाही, जास्त नाही. मागणी रास्त होती. आमच्या सुभेदार मेजर साहेबांनी मान डोलावली आणि रात्री कागद घेऊन बसले.

दुसऱ्या दिवशीही बसले. तिसऱ्या दिवशी वहीची बरीच पानं भरून माझ्याकडे आले आणि म्हणाले, “साहेब, जागा छत्तीस, जोड्या छत्तीस. मग बसत का नाही?”

हा प्रश्न त्यांच्या आधी दोनशेहून अधिक वर्षं लिओनार्ड ऑयलरने विचारला होता, आणि तोही फौजेच्या भाषेत. सहा रेजिमेंट. प्रत्येकीतून सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचे सहा अधिकारी. एकूण ३६ अधिकाऱ्यांना सहा बाय सहाच्या चौकोनात असं फॉल-इन करा, की प्रत्येक आडव्या आणि उभ्या रांगेत प्रत्येक रेजिमेंटचा एक आणि प्रत्येक हुद्द्याचा एकच अधिकारी येईल. १७७९ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे त्याने हे मांडलं. तेव्हा त्याला डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नव्हतं. १७८२ मध्ये छापलेल्या त्या निबंधाच्या शीर्षकातच ‘नव्या प्रकारचे जादूचे चौरस’ असे शब्द आहेत.

लहान उदाहरण घेऊ. तीन रेजिमेंट, तीन हुद्दे.

मराठा कर्नल, मद्रास मेजर, महार कॅप्टन
मद्रास कॅप्टन, महार कर्नल, मराठा मेजर
महार मेजर, मराठा कॅप्टन, मद्रास कर्नल

कोणतीही रांग तपासा, कुणीही दोनदा येत नाही. आता रेजिमेंटच्या जागी ‘अ’ कंपनीचा खेळाडू, हुद्द्याच्या जागी ‘ब’ कंपनीचा खेळाडू, आडवी रांग म्हणजे फेरी आणि उभी रांग म्हणजे बोर्ड असं वाचा. सुभेदार मेजर साहेबांचं कोडं हेच.

तीनचं बसतं. चारचं, पाचचंही बसतं. सहाचं ऑयलरला बसेना. १९०१ च्या सुमारास गास्ताँ तारी या फ्रेंच माणसाने सगळ्या शक्यता हाताने तपासून सिद्ध केलं, की सहाचं बसतच नाही. रामानुजन तेव्हा टाउन हायस्कूलमध्ये होता.

मराठीत आपण पटत नसलेल्या दोघांबद्दल म्हणतो, की त्यांचा छत्तीसचा आकडा आहे. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेले. या छत्तीस अधिकाऱ्यांइतका खरा छत्तीसचा आकडा दुसरा नसेल.

सुभेदार मेजर साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी वही मिटली आणि विचारलं, “मग सात केले तर?” सात केले की काम होतं, आणि रीत इतकी सोपी आहे की ती सांगूनच टाकतो. खेळाडू आणि बोर्ड विषम संख्येत ठेवा. दर फेरीनंतर ‘अ’ कंपनीच्या प्रत्येकाने एक बोर्ड उजवीकडे सरकायचं, ‘ब’ कंपनीच्या प्रत्येकाने एक बोर्ड डावीकडे. टोकाचा माणूस वळसा घालून दुसऱ्या टोकाला. बस्स. सगळे सगळ्यांशी एकदा, सगळे सगळ्या बोर्डांवर एकदा. सहाला हे करून पाहा, तीन फेऱ्यांनंतर जुनाच प्रतिस्पर्धी समोर उभा राहतो. आम्ही सातवा बोर्ड लावला. सातवा खेळाडू म्हणून एका कंपनीने लंगरमधला आचारी दिला, दुसरीने एम.टी.चा ड्रायव्हर. आचाऱ्याने सातपैकी पाच सामने मारले.

स्पर्धेत हरलेली कंपनी बोर्डाबद्दल एक शब्द बोलली नाही. मला त्याचंच महत्त्व वाटलं. जवान हार पचवतो. रजेच्या यादीत, गस्तीच्या पाळीत किंवा खेळाच्या तक्त्यात आपल्याला मुद्दाम वाईट जागा मिळाली, अशी शंका त्याला पचत नाही. आणि ती शंका भाषणाने जात नाही, कागद दाखवावा लागतो.

नागपूरचा गणिती

ऑयलरचा अंदाज सहावर थांबला नव्हता. दोन आणि सहाप्रमाणेच दहा, चौदा, अठरा, म्हणजे चारने भागल्यावर दोन उरतात अशा कोणत्याच आकड्याचा चौकोन बसणार नाही, असं त्याचं मत होतं. पावणेदोनशे वर्षं ते खोडून काढणं कुणाला जमलं नाही.

ज्या तिघांना ते जमलं, त्यांतले एक शरदचंद्र शंकर श्रीखंडे. जन्म १९१७, सागर. शिक्षण नागपूरच्या सायन्स कॉलेजात, पुढे तिथेच अध्यापन. डॉक्टरेट त्यांनी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात राजचंद्र बोस यांच्या हाताखाली केली. १९५९ मध्ये बोस आणि श्रीखंडे यांनी २२ चा चौकोन बसवून दाखवला. अर्नेस्ट पार्कर यांनी १० चा बसवला. मग तिघांनी मिळून सिद्ध केलं, की दोन आणि सहा सोडले तर असा चौकोन प्रत्येक आकड्याला बसतो. न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली आणि तिघांना ‘ऑयलरचा डाव मोडणारे’ अशा अर्थाचं टोपणनाव पडलं. त्या अंकाची तारीख होती २६ एप्रिल १९५९. रामानुजन यांचा एकोणचाळिसावा स्मृतिदिन.

श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले. शेतीतले प्रयोग कसे आखावेत, चुका पकडणारे संदेश कसे लिहावेत, यात त्यांच्या शाखेचं गणित वापरलं जातं. २१ एप्रिल २०२० रोजी विजयवाड्यात, वयाच्या एकशेदोनाव्या वर्षी ते गेले. देश टाळेबंदीत होता. पाच दिवसांनी रामानुजन यांच्या मृत्यूला शंभर वर्षं पूर्ण झाली.

टाउन हायस्कूलच्या वेळापत्रकावर रामानुजन यांची सही असण्याचं काही कारण नव्हतं. तक्ता करणाऱ्याचं नाव तक्त्यावर नसतं. खडकवासल्याच्या तीन वर्षांत आम्ही पहाटेपासून रात्रीपर्यंत सूचनाफलकावरच्या कागदाप्रमाणे पळत होतो, आणि तो कागद कोण लिहितं हे कुणी कधी विचारलं नाही.

तेव्हा मंडळी, येत्या डिसेंबरात तारखा पाहाल तेव्हा साडेपाच तास मिळवायला विसरू नका. आणि तुमच्या युनिटमध्ये किंवा सोसायटीत कुणी सहा विरुद्ध सहा, सहा बोर्ड, सगळ्यांना समान न्याय असा तक्ता मागितला, तर रात्र जागवू नका. सातवा बोर्ड मागवा, आणि सातवा खेळाडू लंगरमधून घ्या.